निवृत्तीच्या तारखेत एक महिना जास्त येतोय, आणि तुम्ही म्हणता एक्सेलची चूक

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: २९ फेब्रुवारीच्या जन्मतारखेला निवृत्तीची तारीख चुकीची येते, आणि त्यावर तुम्ही पाठवलेलं उत्तर पटण्यासारखं नाही

सर/मॅडम, नमस्कार.

मी नागपूरला महाल भागातल्या एका अनुदानित शाळेत वरिष्ठ लिपिक आहे. आमच्या संस्थेने तुमची ती कर्मचारी रजिस्टरवाली एक्सेल फाइल घेतली आहे, सेवापुस्तक, ज्येष्ठता यादी, रजा, निवृत्ती सगळं एकाच ठिकाणी, फक्त जन्मतारीख आणि रुजू तारीख टाका बाकी आपोआप येईल असं तुमच्या माणसाने डेमो देताना सांगितलं होतं, आणि येतंही आपोआप, फक्त बरोबर येईलच असं त्याने सांगितलं नव्हतं एवढंच.

झालं असं की आमच्या एका शिक्षिकांचा जन्म २९ फेब्रुवारी १९६८ चा. शिक्षकांचं निवृत्तीचं वय ५८, आणि ज्या महिन्यात ५८ पूर्ण होतात त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी माणूस निवृत्त होतो, हे शाळेतल्या शिपायालाही माहीत असतं. म्हणजे बाई २८ फेब्रुवारी २०२६ ला निवृत्त. तुमची शीट दाखवते ३१ मार्च २०२६. पेन्शनचे सगळे नमुने ३१ मार्च धरून भरले गेले, सह्या झाल्या, शिक्के झाले, आणि मग बाई स्वतः ऑफिसात येऊन म्हणतात, "भाऊ, मी फेब्रुवारीतली आहे, हा मार्च कुठून काढला जी तुम्ही?" पूर्ण केस परत करावी लागली. वेतन पथक, शिक्षणाधिकारी कार्यालय, मग सिव्हिल लाइन्सला महालेखापाल कार्यालय असा लांबचा रस्ता असतो या कागदांचा, तिथे एक महिना चुकलेला कागद पोचला असता तर काय झालं असतं ते मी सांगायची गरज नाही. आणि कोणाच्या लक्षातच आलं नसतं तर बाईंनी मार्चभर मस्टरवर सह्या केल्या असत्या आणि त्या पगाराची वसुली नंतर निघाली असती.

आता तुमच्या सपोर्टचं उत्तर. तुम्ही लिहिलंय की एक्सेलमध्ये लीप वर्षाचा जुना बग आहे, १९०० सालाचा, तो जगभर माहीत आहे आणि आमच्या हातात नाही. बग आहे हे खरं आहे हो. एक्सेल तारखेला आतून नुसता एक नंबर समजतं, १ जानेवारी १९०० म्हणजे १, आणि असं मोजत गेलं की ६० नंबरला २९ फेब्रुवारी १९०० येते, जी तारीख कधी झालीच नाही, कारण शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग गेला तरच ते लीप, १९०० ला जात नाही. ही चूक मूळची लोटस १-२-३ या एक्सेलच्या आधीच्या स्प्रेडशीट प्रोग्रामची, आणि त्यातल्या फाइली जशाच्या तशा चालाव्यात म्हणून एक्सेलने ती मुद्दाम ठेवली. पण त्याचा आमच्या बाईंशी संबंध काय? १ मार्च १९०० च्या पुढे सगळ्याच तारखांच्या नंबरात तो एक जास्तीचा दिवस सारखाच धरलेला असतो, एका तारखेतून दुसरी वजा केली की तो उडून जातो. बाई १९६८ च्या आहेत, १८९९ च्या नाहीत. गुगल शीट्समध्ये तर ६० नंबरला सरळ २८ फेब्रुवारी १९०० येते, तो खोटा दिवस तिथे नाहीच, तरी तिथे मी तुमच्यासारखा फॉर्म्युला टाईप करून बघितला तर बाई ३१ मार्चलाच निवृत्त होतात. आता बोला.

चूक कुठे आहे ते मीच सांगतो. तुम्ही सेलवर पासवर्ड लावून ठेवलाय त्यामुळे आतलं दिसत नाही, पण उत्तरावरून कळतं. तुम्ही जन्माचं वर्ष घेऊन त्यात ५८ मिळवता, महिना तोच, दिवस तोच, आणि ते तीन आकडे डेट फंक्शनला देता. म्हणजे २०२६, २, २९. आता २०२६ मध्ये २९ फेब्रुवारी नाही, पण हे फंक्शन एरर देत नाही, गपचूप १ मार्च करून टाकतं. मग तुम्ही त्यावर महिनाअखेर काढता, ती येते ३१ मार्च. बस, एवढंच आहे. त्याच्या जागी ईडेट फंक्शन वापरून ६९६ महिने (५८ गुणिले १२) पुढे गेलं की ते फेब्रुवारीच्या बाहेर पडत नाही, २८ फेब्रुवारी २०२६ देतं, आणि महिनाअखेरही तीच राहते.

यातली गंमत अशी की १ मार्च १९६८ ची जन्मतारीख टाकली तर शीट २८ फेब्रुवारी २०२६ दाखवते आणि ते बरोबर आहे, कारण एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटी निवृत्त होतो, तो नियम तुम्ही नीट घातला आहे, मान्य. पण मग तुमच्या हिशोबाने बाईंपेक्षा एक दिवसाने लहान माणूस त्यांच्या आधी महिनाभर घरी बसतो! ज्येष्ठता यादी करणाऱ्या माणसाने हे बघून हसावं का रडावं?

आणि हे एखाद्याच माणसाचं नाही. लीप वर्षात ५८ मिळवले तर येणारं वर्ष कधीच लीप नसतं, कारण ५८ ला चार ने भाग जात नाही, दोन उरतात. म्हणजे २९ फेब्रुवारीला जन्मलेला ५८ वाला प्रत्येक कर्मचारी तुमच्या शीटमध्ये चुकणारच, १९६८ वाला चुकला, १९७२ वाला २०३० मध्ये चुकेल, १९७६ वाला २०३४ मध्ये. फक्त शिपाई बरोबर येतात, त्यांचं वय ६०, आणि ६० ला चार ने भाग जातो. मला तर वाटतं तुम्ही टेस्टिंग ६० वरच केलं असणार आणि सगळं ठीक दिसलं म्हणून विकायला काढलं. (२०४० ला जन्मलेला शिपाई मात्र २१०० मध्ये अडकेल, कारण २१०० लीप नाही, पण ते तेव्हाच्या क्लार्कने बघावं.)

एवढ्यावर थांबलो असतो पण एकदा शंका आली म्हणून बाकीच्या शीट पण उघडल्या. प्रवेशाची शीट बघा. पहिलीला ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण पाहिजेत. ३१ डिसेंबर २०२० ला जन्मलेलं मूल ३१ डिसेंबर २०२६ ला सहा वर्षांचं होतं, त्यात वाद नाही. तुमची शीट म्हणते पाच वर्षं, अपात्र. काऊन? तर तुम्ही एकूण दिवसांना ३६५.२५ ने भागता आणि पुढचं कापून टाकता. या सहा वर्षांत २९ फेब्रुवारी एकदाच आली, २०२४ ची, म्हणून दिवस होतात २१९१, आणि तुमच्या भागाकाराला पाहिजेत २१९१.५. अर्ध्या दिवसासाठी पोराचं एक वर्ष गेलं असतं. मागच्या वर्षी ३१ डिसेंबर २०१९ वाली मुलं बरोबर आली कारण त्यांच्या सहा वर्षांत २०२० आणि २०२४ दोन्हीच्या २९ फेब्रुवारी होत्या, दिवस २१९२. म्हणून कोणी तक्रार केली नसेल. आईवडील ऑफिसच्या खिडकीवर जन्माचा दाखला घेऊन उभे राहतात तेव्हा त्यांना ३६५.२५ समजावून सांगायला तुमचा माणूस येणार आहे का?

सेवेच्या कालावधीच्या कॉलममध्ये पण तेच. एका सरांची जुनी रजेच्या जागेवरची नेमणूक ३१ जानेवारी २०११ ते १ मार्च २०११, त्यात वर्षं ०, महिने १, दिवस उणे २. उणे दोन दिवस नोकरी! हे दोन तारखांमधलं अंतर काढणाऱ्या डेटेडइफ फंक्शनच्या एमडी या प्रकारामुळे होतं, जो पूर्ण महिने सोडून उरलेले दिवस देतो, आणि तो प्रकार चुकीचं किंवा उणे उत्तर देऊ शकतो हे मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या मदत पानावर लिहून ठेवलंय, तरी तुम्ही तो वापरलाय. फेब्रुवारीचा एक दिवसाचा पगार काढायला २८ कायमचा टाकलाय तेही बघा, फेब्रुवारी २०२४ ची बिनपगारी रजा त्यामुळे चुकीची कापली गेलेली दिसते, ती फरकाची रक्कम लहान आहे पण ऑडिटवाला लहान मोठं बघत नाही.

तर मला काय पाहिजे ते स्पष्ट लिहितो म्हणजे परत तेच छापील उत्तर येणार नाही. या चारही जागचे फॉर्म्युले दुरुस्त करून नवीन फाइल पाठवा, आमचा भरलेला डेटा त्यात टाकून द्यायचं काम तुमचं, आम्ही परत टाईप करणार नाही. तारखांच्या सेलवरचा पासवर्ड काढा, बदलता येऊ नयेत हे ठीक आहे, पण निदान फॉर्म्युला वाचता आला पाहिजे. ज्या ज्या शाळांनी ही फाइल घेतली आहे त्यांना तुम्ही स्वतःहून कळवा, कारण विदर्भात माझ्याच ओळखीच्या दोन तीन शाळांत ही चालू आहे आणि सगळ्यांच्या बाई इतक्या जागरूक नसतात. आणि पेन्शन केसच्या वेळी चूक तुमच्या शीटची होती असं एक पत्र लेटरहेडवर द्या, मला ते मुख्याध्यापिका मॅडमकडे फाइलला लावायचं आहे, सध्या त्या फाइलमध्ये फक्त माझा खुलासा आहे.

यावर्षीच्या सपोर्टचे पैसे संस्थेने तोपर्यंत थांबवले आहेत. पंधरा दिवसांत काही झालं नाही तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकतो आणि गरज पडली तर जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ, कागद सगळे जपून ठेवले आहेत, तुमचा तो १९०० वाला ईमेल पण.

फोन करायचा असेल तर दुपारी दोन नंतर करा, आणि फॉर्म्युला ज्याने लिहिला त्यालाच लाइनवर घ्या.

आपला,
वरिष्ठ लिपिक, नागपूर