स्वमग्न मुलांच्या सेवा आणि ‘निकाली’ निघणाऱ्या तक्रारी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि तो स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे; बोलणे आणि अचानक झालेला बदल स्वीकारणे त्याला अवघड जाते. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशेजारी त्याचे चित्रांचे वेळापत्रक लावलेले असते. आठवड्याचे सात चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात त्या दिवशी काय होणार आहे याचे एक चित्र. मंगळवारच्या चौकोनात झोक्याचे चित्र असे, कारण मंगळवारी अकरा वाजता त्याचे ऑक्युपेशनल थेरपीचे (रोजची कामे आणि हालचाली जमाव्यात यासाठीच्या उपचारांचे) सत्र असायचे आणि त्या खोलीत छताच्या हुकाला एक कापडी झोका टांगलेला होता. गेल्या वर्षी पावसाळ्यात अशाच एका मंगळवारी आम्ही केंद्रावर पोहोचलो तेव्हा खोलीला कुलूप होते. थेरपिस्ट मानधनावर होत्या, त्यांचा करार संपला होता, आणि हे आम्हा पालकांपैकी कोणालाही कळवलेले नव्हते. माझ्या मुलाने कडीला हात लावून पाहिला, मग दोन्ही कानांवर हात दाबून तो तिथेच फरशीवर बसला आणि पाऊण तास उठला नाही. त्यानंतर मी चित्र काढून टाकले, तरीही पुढचे चार मंगळवार तो सकाळी दप्तर घेऊन घराच्या दारात उभा राहत होता.

हे सार्वजनिक केंद्र कोणते आणि ते कोणत्या कार्यालयाच्या अखत्यारीत येते, हे मी मुद्दाम लिहीत नाही. एखाद्या कर्मचाऱ्याला नोटीस निघावी अशी माझी इच्छा नाही, आणि पालकांच्या गटात बोलताना जे ऐकायला मिळते त्यावरून हा अनुभव एकाच ठिकाणचा नाही, हेही दिसते. मला लिहायचे आहे ते त्या कुलपानंतर आम्ही केलेल्या तक्रारीचे काय झाले याबद्दल.

तक्रार ऑनलाइन करायची होती. विषयांच्या यादीत पाणी, ड्रेनेज, पथदिवे, कचरा, खड्डे, भटकी कुत्री असे सगळे होते, पण दिव्यांगांसाठीच्या सेवा हा विषय नव्हता, म्हणून मी ‘इतर’ निवडले आणि थेरपिस्टचे पद रिकामे असल्याचे सविस्तर लिहिले. सहाव्या दिवशी मोबाइलवर संदेश आला की आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. सोबत पुरावा म्हणून एक छायाचित्र जोडलेले होते, आणि त्यात त्या इमारतीच्या प्रवेशद्वारावरचा रॅम्प होता. माझ्या मजकुरातला ‘दिव्यांग’ हा शब्द वाचून कोणीतरी ती तक्रार स्थापत्य विभागाकडे पाठवली असावी, त्यांनी रॅम्प जागेवर असल्याची खातरजमा केली असावी, आणि त्यांच्या बाजूने काम पूर्ण झाले असावे. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला रॅम्प हवाच, त्याबद्दल दुमत नाही. परंतु माझा मुलगा पायऱ्या चढतो, त्याला त्या इमारतीच्या आत एक प्रशिक्षित व्यक्ती हवी होती.

मी तक्रार पुन्हा उघडली. या वेळी ‘संबंधित विभागाकडे वर्ग’ असा शेरा पडून ती दुसऱ्यांदा बंद झाली. संबंधित विभाग कोणता, तिथे कोणाच्या टेबलावर कागद गेला, किती दिवसांत उत्तर येईल, यांपैकी काहीच त्या शेऱ्यात नव्हते. शेवटी अर्ज घेऊन मी स्वतः कार्यालयात गेले, आवक क्रमांकासह पोच घेतली आणि तीन खिडक्यांवर विचारपूस केली. एका अधिकाऱ्यांनी मुलाकडे पाहून, ‘हा तर चांगला चालतो-फिरतो, मग दिव्यांग कसा?’ असे विचारले. त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता, माहिती नव्हती. स्वमग्नतेचे प्रमाणपत्र ज्या भारतीय मापनश्रेणीवरून मिळते, तीत ४० बाबी असतात आणि मुलाचे निरीक्षण करून व पालकांशी बोलून त्या एकेक तपासल्या जातात. ते अपंगत्व टेबलापलीकडून एका नजरेत दिसत नाही. तिसऱ्या खिडकीवरच्या लिपिक बाईंनी मात्र मला बसायला खुर्ची दिली आणि सांगितले, ‘मॅडम, ऑटिझमसाठी आमच्याकडे वेगळा हेडच नाही.’ हेड म्हणजे खर्च ज्याखाली मंजूर होतो ते लेखाशीर्ष. सात महिन्यांत मला मिळालेले सर्वांत खरे उत्तर हेच होते, आणि त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

माहिती अधिकाराखाली अर्ज केल्यावर कळले की कराराच्या मुदतवाढीचा प्रस्ताव करार संपण्याआधीच तयार झाला होता, पण तो कुठल्या लेखाशीर्षातून मंजूर करायचा हे न ठरल्यामुळे फाइल दोन विभागांमध्ये फिरत राहिली. म्हणजे माझ्या तक्रारीचे खरे उत्तर त्याच इमारतीतल्या एका फाइलमध्ये होते, आणि दोन वेळा तक्रार बंद करणाऱ्या कोणीही ती फाइल उघडलेली नव्हती. सात महिन्यांनी नव्या थेरपिस्ट रुजू झाल्या. त्या उत्तम काम करतात. परंतु बंद दाराची धास्ती बसलेल्या माझ्या मुलाला त्या खोलीच्या उंबरठ्याच्या आत पाऊल टाकायला आणखी पाच आठवडे लागले, आणि पूर्वी झोक्यावर बसून तो ‘पाणी’, ‘अजून’, ‘बास’ असे जे मोजके शब्द बोलू लागला होता, त्यांपैकी ‘अजून’ हा शब्द अद्याप परत आलेला नाही.

येथे कायद्यात काय लिहिले आहे ते पाहणे आवश्यक आहे, कारण दिव्यांगांच्या सेवा म्हणजे प्रशासनाने सवडीने केलेली मदत, असा समज अजूनही कार्यालयांत आणि समाजातही पक्का आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते आणि त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने, जो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे, २१ प्रकारांमध्ये तिला स्पष्ट स्थान दिले. या कायद्यात जबाबदारी सांगताना अनेक कलमांमध्ये शासनाच्या बरोबरीने ‘स्थानिक प्राधिकरणे’ हा शब्द येतो, आणि त्याचा अर्थ शहरात महापालिका असाच होतो. आरोग्यसेवेचे कलम २५, पुनर्वसनाच्या सेवांचे कलम २७, ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयोगटातील मुलांच्या मोफत शिक्षणाचे कलम ३१, ही सर्व कलमे महापालिकांनाही बांधील करतात. कलम १७ तर शाळेत जाणाऱ्या मुलांचे दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करून दिव्यांग मुले आणि त्यांच्या गरजा शोधायला सांगते, आणि पहिले सर्वेक्षण कायदा लागू झाल्यापासून दोन वर्षांत व्हायला हवे होते. २०११ च्या जनगणनेत अपंगत्वाचे जे आठ प्रकार विचारले गेले त्यांत स्वमग्नता हा वेगळा प्रकार नव्हता, त्यामुळे या सर्वेक्षणाचे महत्त्व आमच्या मुलांसाठी अधिकच आहे. मुले किती आहेत हेच मोजले गेले नाही तर थेरपिस्टची किती पदे हवीत, हे कोणत्या आधारावर ठरणार?

तक्रारींच्या बाबतीत याच कायद्याचे कलम २३ मला फार मोलाचे वाटते. त्यानुसार प्रत्येक शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो, त्याने तक्रारींची नोंदवही ठेवायची असते, प्रत्येक तक्रारीची चौकशी नोंदणीपासून दोन आठवड्यांत करायची असते, आणि समाधान न झाल्यास तक्रारदाराला जिल्हास्तरीय समितीकडे जाता येते. हे कलम नोकरीतील भेदभावापुरते आहे, ही गोष्ट मी प्रामाणिकपणे नोंदवते. परंतु नोकरी करणाऱ्या प्रौढ दिव्यांग व्यक्तीला जी नोंदवही आणि जी मुदत मिळते, तीच थेरपीवर अवलंबून असलेल्या आणि स्वतःची तक्रार स्वतः मांडू न शकणाऱ्या मुलालाही मिळावी, यासाठी कायदा बदलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. महापालिका आयुक्तांच्या एका परिपत्रकाने हे होऊ शकते.

वरचा दरवाजा आहे आणि तो पुण्यातच आहे. राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांचे कार्यालय चर्च रस्त्यावर आहे. हक्क नाकारला गेल्यास राज्य आयुक्त चौकशी करून शिफारस करू शकतात, आणि कलम ८१ नुसार संबंधित यंत्रणेने तीन महिन्यांत कार्यवाही कळवायची असते. शिफारस मान्य नसेल तर नकाराची कारणे राज्य आयुक्तांना द्यायची असतात आणि तक्रारदारालाही तसे कळवायचे असते. कारण लेखी सांगण्याचे हे बंधन मला सर्व तरतुदींमध्ये सर्वांत महत्त्वाचे वाटते. मात्र करार वेळेवर वाढला नाही, खोलीची चावी सापडत नाही, सत्राची वेळ बदलली, अशा गोष्टींसाठी प्रत्येक आईबापाने राज्य पातळीवर जावे, ही व्यवस्था असू शकत नाही. त्यांची तड क्षेत्रीय कार्यालयातच लागायला हवी.

पैशांचा प्रश्न मी टाळत नाही. राज्य शासनाच्या आदेशानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो. पूर्वी हे प्रमाण ३ टक्के होते. आमच्या शहरांचे उत्पन्न पाहता ही रक्कम लहान नाही. पण ती दिव्यांग कल्याण या एकाच मोठ्या शीर्षाखाली दाखवली जाते तेव्हा त्यातून थेरपिस्टच्या मानधनावर किती, विशेष शिक्षकांवर किती, अर्थसाहाय्यावर किती आणि बांधकामावर किती खर्च झाला, हे सामान्य नागरिकाला कळत नाही. बांधकामाचा खर्च डोळ्यांना दिसतो, त्याचे उद्घाटन होते, त्याचे बिल एकदाच निघते. मानधनाचे बिल दर महिन्याला निघावे लागते आणि त्याची फीत कोणी कापत नाही. माझ्या मते थेरपीची पदे वारंवार रिकामी राहण्याचे एक मोठे कारण इथे आहे. आमच्यासारखी कुटुंबे मग खासगी थेरपीकडे वळतात. आम्ही एका सत्राचे ८०० रुपये मोजतो, म्हणून आठवड्यात तीन हवी असताना एकच घेतो. ज्या धुणीभांडी करणाऱ्या मावशींचा नातू माझ्या मुलासोबत त्या केंद्रात येत असे, त्यांनी ते सात महिने काहीही घेतले नाही, कारण त्यांना ते परवडणारेच नव्हते.

यात लोकप्रतिनिधींचाही भाग आहे. मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर दीर्घकाळ कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. त्या काळात आपल्या प्रभागातल्या थेरपी केंद्राबद्दल सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारायला नगरसेवकच नव्हते. प्रभाग समित्यांच्या बैठकीत पाणी आणि रस्ते यांसोबत दिव्यांग सेवांच्या तक्रारींचा आढावा हा कायमचा विषय ठेवला, तर कोणत्या केंद्रात किती पदे भरलेली आहेत, हे दर महिन्याला इतिवृत्तात येईल. मतदार म्हणून आपणही हा प्रश्न उमेदवारांना विचारला पाहिजे. २ एप्रिलला जागतिक स्वमग्नता जागरूकता दिनी आमच्यासोबत छायाचित्र काढणाऱ्या प्रत्येकाला तो विचारण्याचा आम्हाला हक्क आहे.

पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांकडे माझी मागणी अशी आहे की तक्रार प्रणालीत दिव्यांग सेवा हा स्वतंत्र विषय असावा आणि त्याखाली आलेली तक्रार ज्या अधिकाऱ्याकडे जाते त्याचे पदनाम तक्रारदाराला दिसावे. ‘वर्ग’ केलेली तक्रार बंद समजली जाऊ नये. ती बंद करण्यापूर्वी तक्रारदाराला फोन करून विचारले जावे, आणि सेवा देता येत नसेल तर का आणि कधीपर्यंत नाही, हे लेखी सांगितले जावे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवांना ठरलेली मुदत आणि अपिलाचा मार्ग मिळतो, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो; लहान मुलांच्या थेरपीची नोंदणी आणि पहिले सत्र मिळणे, या सेवेचा त्या यादीत समावेश करण्यासाठी महापालिकांनी शासनाकडे प्रस्ताव द्यावा. ५ टक्के निधीचा खर्च शीर्षनिहाय दर तीन महिन्यांनी संकेतस्थळावर यावा. हे सर्व एका वर्षात होणार नाही, याची मला कल्पना आहे.

एक गोष्ट मात्र उद्यापासून होऊ शकते आणि तिला कोणताही हेड लागत नाही. थेरपिस्ट रजेवर असतील, खोली बंद राहणार असेल, तर आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत केंद्रातून पालकांना एक फोन किंवा संदेश यावा. सोमवारी रात्री तो निरोप मिळाला, तर मी मंगळवारच्या चौकोनातले झोक्याचे चित्र काढून तिथे आजीच्या घराचे चित्र लावू शकते, आणि सकाळी दप्तर उचलण्यापूर्वी माझ्या मुलाला ते दिसते.

आपली विश्वासू,
एक पालक
सिंहगड रस्ता, पुणे
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)