आधी तिथी, मग कॅमेरा : मालवणच्या तांडेलकाकांना सांगलीहून पत्र

ति. तांडेलकाका यांस,

सांगलीच्या हौशी फोटोवाल्यांचा सा. न. वि. वि.

आभाराचं हे पत्र उघडं लिहितो आहोत, कारण भरती-ओहोटी आणि किनाऱ्यावरच्या फोटोंबद्दल तुम्ही सांगितलेलं फक्त आमच्यापाशी ठेवणं बरोबर नाही. फोंडा घाट उतरून सांगली-मिरजेच्या कितीतरी कॅमेरा बॅगा मालवणात येतात. लेन्स भारी, पण पाणी बघावं तर भलत्याच जागी.

आमचा पाण्याचा हिशेब सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचा. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. कृष्णा पावसाळ्यात चढते आणि उतरायला दिवस घेते. समुद्र दिवसातून दोनदा चढतो-उतरतो हे शाळेत पाठ केलेलं असतं, पण फोटो काढायला निघताना ते आठवत नाही. म्हणून तुमचं वाक्य आता बॅगेच्या झाकणात चिकटवलं आहे : "आधी तिथ बघा, मगे कॅमेरो काढा."

तुम्ही दिलेला पाऊणपटीचा हिशेब इथे मांडतो. पक्षातली तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते. पंचमीला पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पूर्ण भरती पावणेचारच्या सुमारास आणि त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, सकाळीही आणि संध्याकाळीही. पौर्णिमा-अमावास्येला ती अकरा-सव्वाअकराला, म्हणून ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला. फोटोवाल्याला यातच सगळं मिळतं. ओल्या वाळूत आभाळाचं प्रतिबिंब हवं तर पौर्णिमा-अमावास्या धरा, उधाणात पाणी जास्त चढतं तसं ओहोटीला जास्त उतरतंही, म्हणून ते लांबवर हटलेलं असतं. कोवळ्या उन्हात तरंगत्या होड्या काठाजवळ हव्यात तर अष्टमी. ती भांगाची भरती, पाणी फार चढत नाही, पण असतं नेमकं उजेडाच्या वेळी. हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेव्हा जिवाशी गाठ असेल तिथे छापील भरती-ओहोटीचं कोष्टकच बघावं.

जिवाशी गाठ म्हणजे पद्मगड, मालवणच्या किनाऱ्याजवळचा छोटा किल्ला. ओहोटीला तिथे चालत जाता येतं आणि तिथून १६६४ साली पायाभरणी झालेल्या सिंधुदुर्गाचा तट समोर दिसतो. पाय निघत नाही, आणि घोटाळा तिथेच होतो. ओहोटी संपल्यावर पहिल्या तासात पाणी एकूण चढाच्या जेमतेम बाराव्या हिश्शाने वाढतं, त्यामुळे वाटतं अजून वेळ आहे. दुसऱ्या तासात दोन हिस्से, तिसऱ्यात तीन, चौथ्यातही तीन. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी येतं. तुमचा नियम सोपा : पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पद्मगडाकडे निघा आणि पाणी वळलेलं दिसलं की ट्रायपॉड मिटा.

रापणीबद्दल, म्हणजे काठावरून दोरांनी जाळं ओढायच्या मासेमारीबद्दल, मात्र खास आभार. दोराच्या दोन रांगा, टाचा वाळूत रुतवून मागे झुकलेली माणसं, आणि कॅमेरेवाला नेमका दोन्ही दोरांच्या मधे! ताणलेला दोर उसळला तर नडगी फुटते, शिवाय ओढणाऱ्यांची लय तुटते ती वेगळीच. उभं राहायचं रांगेच्या बाहेर, गुडघ्यावर बसून, कॅमेरा हातांच्या उंचीला. जाळं किंवा दोर ओलांडायचा नाही, वळसा घालायचा. सकाळी सूर्य माडांच्या मागे असतो, ओढणाऱ्यांची तोंडं समुद्राकडे, त्यामुळे चेहरे काळे पडतात. मागच्या उजेडाने कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो, म्हणून उजेड एक स्टॉप वाढवायचा, म्हणजे दुप्पट करायचा. किंवा सरळ बाजूने घ्यायचं, म्हणजे खांद्यावर आणि दोराच्या ओल्या पिळावर उजेडाची कड येते. आमच्या मते चेहऱ्यापेक्षा तो पीळच बघण्यासारखा असतो. दोर धरलेल्या हातांच्या बोटांना १/२५० सेकंदाचं शटर पुरतं.

होडीत ट्रायपॉड उघडू नये, इंजिनाची थरथर थेट कॅमेऱ्यात जाते. कोपरही काठावर टेकवू नये. शटर १/५०० किंवा त्याहून जलद, गुडघे सैल.

काठावर ट्रायपॉडची सगळ्यात खालची, बारीक नळी आधी ओढायची, म्हणजे सांधे पाण्याच्या वर राहतात. पाय वीतभर रुतवून दोन लाटा जाऊ द्यायच्या, कारण लाट परतताना पायाखालची वाळू नेते आणि उघडं शटर असताना कॅमेरा खचतो. पाण्याचं धुकं करणारे ३० सेकंदांचे फोटो आता कंटाळवाणे वाटतात. ओसरत्या लाटेच्या रेघा पाव ते अर्ध्या सेकंदात येतात.

लेन्सवर तुषार वाळला की मिठाचे कण राहतात. शर्टाच्या टोकाने पुसलं तर काच घासली गेलीच. आधी ब्लोअर, मग गोड्या पाण्याने दमट केलेलं फडकं, शेवटी कोरडं. ट्रायपॉडला रात्री गोड्या पाण्याची अंघोळ घालून उघडाच वाळवायचा, नाहीतर आटे धरतात. आणि कसालला महामार्ग सोडला की गाडीचा एसी बंद, काचा खाली. थंड कॅमेरा दमट हवेत काढला की लेन्सवर वाफ धरते आणि ती जाईपर्यंत सूर्य बुडतो.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असताना यायचं तर काठावर शाकारून (झाकून) ठेवलेल्या होड्या मिळतात, हेही तुम्हीच सुचवलंत.

सोबत रापणीचे चार फोटो पाठवतो आहोत. मुद्दाम मॅट कागदावर काढलेत, तुमच्याकडच्या दमट हवेत ग्लॉसी कागद काचेला चिकटतो. फ्रेम करताना काच आणि फोटोच्या मधे पुठ्ठ्याची किनार ठेवायला सांगा. रांगेतल्या प्रत्येकाला एकेक प्रत हवी असेल तर नग कळवा, अष्टमीला येताना घेऊन येतो.

कळावे, लोभ असावा.

आपले,
सांगलीचे फोटोवाले