ॲक्युपंक्चर : सुई पाहा, नोंदणी विचारा

संपादक महोदय,

गेल्या आठवड्याच्या आरोग्य पुरवणीत ॲक्युपंक्चरवर, म्हणजे शरीरावरच्या ठराविक बिंदूंवर बारीक सुया लावण्याच्या चिनी उपचारावर, आलेला लेख वाचला. गुडघे, कंबर, मान यांच्या दुखण्याने जेरीस आलेल्या माणसाला गोळ्यांखेरीज आणखीही एक वाट आहे, हे त्यात सांगितले ते बरे झाले. पण लेखात एक चूक आहे आणि एक फार मोठी उणीव आहे. मी सोलापूरची आणि जन्मभर परिचारिका म्हणून काम केलेली. दोन्ही नात्यांनी हे पत्र लिहीत आहे.

चूक इतिहासाची. ही विद्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांनी भारतात आणली, असे लेखात म्हटले आहे. कोटणीस आमच्या गावचे, त्यांचा अभिमान आम्हाला आहेच. पण १९३८ साली काँग्रेसने चीनला धाडलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते गेले ते युद्धातल्या जखमींवर उपचार करायला, आणि डिसेंबर १९४२ मध्ये तिकडेच वारले. नागपूरचे डॉ. चोळकरही त्या पथकात होते. ॲक्युपंक्चर आपल्याकडे आणले ते त्याच पथकातल्या डॉ. बिजॉयकुमार बसू यांनी. ते पुढे पुन्हा चीनला गेले, ही उपचारपद्धती शिकले आणि १९५९ मध्ये कलकत्त्यात त्यांनी ती सुरू केली. हे श्रेय बसूंना दिल्याने कोटणीसांचे मोठेपण तसूभरही कमी होत नाही.

आता उणीव. सुई कशी असावी, ती कोणी लावावी, कोणाला लावू नये, याबद्दल एवढ्या मोठ्या लेखात अवाक्षर नाही. मला सर्वांत जास्त खटकले ते हेच.

मध्यंतरी शेजारणींबरोबर एका मोफत शिबिराला गेले होते. तिथे प्रत्येक रुग्णाच्या सुया नाव लिहिलेल्या छोट्या नळीत स्पिरिटमध्ये ठेवलेल्या होत्या आणि पुढच्या खेपेस त्याच वापरल्या जात होत्या. “तुमच्याच सुया तुम्हाला, मग भीती कसली?” असे उत्तर मिळाले. भीती आहे, आणि चांगलीच आहे. स्पिरिटात बुडवून ठेवल्याने सुई निर्जंतुक होत नाही. गर्दीत नळ्यांची अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही. यकृताला सूज आणणाऱ्या हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही, आठवडाभर तग धरतो. सीलबंद पाकिटातली, एकदा वापरून टाकायची सुई आज स्वस्तात मिळते. ती आपल्यासमोर फोडली जाते का आणि वापरून झाल्यावर टोकदार कचऱ्याच्या पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात जाते का, एवढे दोन क्षण लक्ष देऊन पाहावे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत हा डबा सांगितलेलाच आहे. विचारायला संकोच वाटतो, हे मला ठाऊक आहे. तरी विचाराच.

खांद्याच्या वरच्या भागात किंवा पाठीवर सुई नको तितकी खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकते. असे क्वचितच घडते. पण उपचारानंतर छातीत कळ आली, धाप लागली, तर ‘होईल कमी’ म्हणत घरी बसू नये, थेट रुग्णालय गाठावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, गरोदरपण असेल, तर आधी सांगावे. सुयांना विजेची जोडणी करणार असतील तर पेसमेकर असलेल्यांनी नकार द्यावा. आणि मॉक्सा, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतीची कांडी पेटवून बिंदूला शेक देणे, हे मधुमेही माणसाच्या तळपायावर कधीही करू देऊ नये. ज्या पायांची संवेदना गेली आहे त्यांना चटका कळतच नाही. साध्या गरम पाण्याच्या पिशवीने भाजलेले आणि मग महिनोन्महिने न भरलेले पाय मी ड्रेसिंग करताना पाहिले आहेत. कपिंगचे, म्हणजे पाठीवर पेले चिकटवून त्वचा आत ओढून धरण्याचे, म्हणाल तर आपल्याकडेही वैदू तुंबड्या लावत असत, त्यात परके काही नाही. पण पाठीवर उमटणारे ते लालकाळे गोल म्हणजे शरीराबाहेर निघालेले ‘विष’ नव्हे. त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटून साकळलेले ते रक्त असते.

मी या उपचारांच्या विरोधात नाही. शस्त्रक्रियेनंतर होणारी मळमळ मनगटाच्या आतल्या बाजूचा, घडीपासून तीन बोटे वरचा बिंदू दाबल्याने किंवा तिथे सुई लावल्याने कमी होते, असे अनेक चाचण्यांत दिसले आहे. कंबरदुखीवर जर्मनीत १,१६२ रुग्णांची मोठी चाचणी झाली आणि २००७ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. खऱ्या बिंदूंवर सुया लावलेल्या सुमारे ४८ टक्के लोकांना सहा महिन्यांनंतर फरक होता. औषधे आणि व्यायाम असा नेहमीचा उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे २७ टक्के होते. मात्र बिंदू सोडून भलतीकडेच वरवर सुया लावलेल्यांतही ४४ टक्के लोकांना तसाच फरक पडला होता. म्हणजे आराम पडतो, पण नेमक्या बिंदूमुळेच पडतो असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. माझ्या मते कंबरदुखीने गांजलेल्याने चांगल्या हातून हा उपचार जरूर घ्यावा. व्यायाम मात्र सोडू नये.

याउलट मधुमेह, थायरॉइड, मूत्रपिंडाचे विकार ‘मुळापासून बरे’ करण्याच्या जाहिराती आपल्याच अंकात शेवटच्या पानावर असतात. त्या वाचून कोणी इन्सुलिन बंद केले तर त्याची किंमत तो रुग्ण मोजतो. उपचारासोबत चिनी वनौषधींचे चूर्ण देत असतील तर अधिक सावध राहावे. बेल्जियममध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वजन घटवण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी चुकून दुसरीच मिसळली गेली आणि शंभराच्या आसपास रुग्णांची, त्यात बहुतेक स्त्रिया, मूत्रपिंडे कायमची बिघडली. पुढे काहींना कर्करोगही झाला.

महाराष्ट्राने ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा केला. त्यात राज्य परिषदेची आणि उपचारकांच्या नोंदणीची तरतूद आहे. पश्चिम बंगालने असा कायदा १९९६ मध्येच केला होता. आपल्याकडेही तो झाला, तरी सुई लावून घेणाऱ्या दहांतल्या एकालाही नोंदणी क्रमांक विचारायचा असतो हे माहीत नसावे, अशी मला शंका आहे.

म्हणून आपल्याला दोन विनंत्या. ॲक्युपंक्चरची जाहिरात स्वीकारताना उपचारकाचा नोंदणी क्रमांक मागून तो जाहिरातीत छापावा, आणि नसेल तर ती जाहिरात परत करावी. दुसरी, पुरवणीच्या पुढच्या अंकात कोटणीस-बसूंबद्दलची दुरुस्ती आणि वर सांगितलेली काळजी ठळक चौकटीत द्यावी. आमच्या गल्लीतल्या कितीतरी आज्या आपली पुरवणी कात्रणे काढून जपतात आणि त्यात लिहिले आहे म्हणून उपचाराला जातात.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सोलापूर