पुढची चार वर्षं इथिओपिया

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

पीएच.डी.ला प्रवेश मिळाल्याचं फोनवर सांगितलं, तेव्हा बाबांनी विचारलं, "आफ्रिकेचाच इतिहास का गं?" तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र.

बाबा, आपलं शहर, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, खडकी या नावाने वसवलं ते मलिक अंबरने, १६१० च्या सुमारास. शाळेत त्याचा गनिमी कावा शिकलो, त्याची नहर शिकलो. तो इथिओपियात जन्मला आणि गुलाम म्हणून विकला गेला, हे मात्र एका ओळीत संपलं. त्या देशात काय होतं, हे कुणी सांगितलंच नाही. चौथ्या शतकात तिथल्या अक्सूमच्या राजांची स्वतःची सोन्याची नाणी होती. एझाना राजाने त्याच काळात ख्रिस्ती धर्म स्वीकारला, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांच्या कितीतरी आधी.

त्यांची गीझ लिपी मी शिकतेय. आपल्या बाराखडीसारखंच तिथेही प्रत्येक व्यंजनाचं रूप स्वराप्रमाणे बदलतं, फक्त रूपं सात. इथे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत त्या लिपीतली जुनी हस्तलिखितं आहेत. पानं चामड्याची, पुठ्ठ्याच्या जागी लाकडी फळ्या, पवित्र नावं लाल शाईत. एका पानाला मूळचंच भोक होतं, ते दोऱ्याने शिवून घेतलं होतं. तो टाका मी किती वेळ बघत बसले! लिहिणाऱ्याने कातडं वाया जाऊ दिलं नाही.

ही हस्तलिखितं लंडनला आली कशी, हाच माझा विषय आहे. १८६८ साली इंग्रजांनी इथिओपियाचा सम्राट तेवोद्रोस याच्यावर स्वारी केली. फौज निघाली मुंबईहून, सेनापती नेपियर मुंबईच्याच लष्कराचा, शिपायांत हजारो हिंदी. तोफा ओढायला ४४ हत्तीही जहाजाने नेले. मक्दाला गड पडला, तेवोद्रोसने स्वतःवर गोळी झाडून घेतली आणि गडावरची लूट १५ हत्ती आणि सुमारे २०० खेचरांवर लादून नेली. त्यातली शेकडो हस्तलिखितं आज इथे आहेत. इथिओपिया ती परत मागतोय, आणि मला त्यांचं मागणं योग्य वाटतं.

आई, तेवोद्रोसचा सात वर्षांचा मुलगा अलेमायेहू यालाही त्यांनी बरोबर घेतलं. वाटेतच त्याची आई गेली. तो इंग्लंडमध्ये वाढला, अठराव्या वर्षी वारला, विंडसरला पुरलाय. त्याचे अवशेष परत द्यायलाही राजवाड्याने २०२३ मध्ये नकार दिला. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

या मोहिमेवर इंग्रज अधिकाऱ्यांनी भरपूर लिहून ठेवलंय. मुंबई इलाख्यातून गेलेल्या शिपायांचं, हमालांचं, माहुतांचं फार कुणी विचारलं नाही. ते कुठल्या गावचे, काय पगारावर गेले, परत किती आले, हे मला शोधायचंय. त्यासाठी मुंबईच्या पुराभिलेखागारात बसावं लागेल, म्हणजे हिवाळ्यात काही महिने मी तिकडेच. शनिवार-रविवार घरी येईन.

आई, नोकरीची काळजी करू नकोस. शिष्यवृत्तीत माझं भागतं आणि शिकवायचे तासही मिळणार आहेत. बाबा, खुलताबादला जाणं झालं तर मलिक अंबरच्या कबरीचे चारही बाजूंनी फोटो काढून पाठवाल का? इथल्या वर्गात दाखवायचे आहेत.

तुमची,
धाकटी