ताई, तुम्ही वही वाचलीत

ताई,

चेंबर चालू होऊन आज अकरा दिवस झाले. एकदाही ट्रिप होऊन बंद पडलं नाही. हे फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही "बरं झालं" म्हणालात आणि सिलिंडर बदलायचाय म्हणून फोन ठेवलात. तुमचं तेवढ्यावर भागलं असेल, माझं भागत नाही. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. रागवायचं असेल तर रागवा.

चारचौघांना आधी थोडं सांगायला हवं. आमचं चेंबर म्हणजे सूक्ष्म कणांची चाहूल टिपणारी एक चपटी पेटी. आत सोन्याचा मुलामा दिलेल्या टंगस्टनच्या तारा, २० मायक्रॉन जाडीच्या, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षा कितीतरी बारीक. दर दोन मिलिमीटरला एक. तारांच्या वर आणि खाली कॅथोड, म्हणजे तारांच्या मानाने विजेची ऋण बाजू, आणि मधे वाहता गॅस. जॉर्ज शार्पाक यांनी सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत १९६८ साली असं पहिलं चेंबर बांधलं आणि त्यासाठी त्यांना १९९२चं नोबेल मिळालं. गॅसमधून कण गेला की आर्गॉनच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि तारेकडे धावतात. अगदी तारेजवळ विद्युतक्षेत्र इतकं प्रखर असतं की एकाचे हजारो होतात. ती लाट म्हणजे आमचा सिग्नल. नुसता आर्गॉन असेल तर हा प्रकार हाताबाहेर जातो, कारण उत्तेजित अणूंमधून निघालेले फोटॉन कॅथोडवर आदळून नवे इलेक्ट्रॉन उडवतात. ते फोटॉन गिळायला कार्बन डायऑक्साइड. माझं मिश्रण ७०:३०.

तारा ओढण्याचं काम कौतुकाचं. त्याचे फोटो निघतात. हाय व्होल्टेज टेस्टिंगचे कोणी काढत नाही. व्होल्टेज थोडं चढवायचं, थांबायचं, नॅनोअँपिअरच्या आकड्याकडे बघत बसायचं, वहीत लिहायचं, पुन्हा थोडं चढवायचं. मी असे चार आठवडे बसले होते. २,३०० व्होल्टपर्यंत चेंबर गुणी बाळासारखं, दोन-तीन नॅनोअँपिअर. २,५०० जवळ आलं की कधी दहा मिनिटांनी, कधी दोन तासांनी करंट उसळायचा आणि सप्लाय ट्रिप.

या चार आठवड्यांत तीन जाणते लोक येऊन गेले. पहिले म्हणाले, "धूळ असेल, कंडिशनिंग कर, जळून जाईल." कंडिशनिंग म्हणजे व्होल्टेज चढवून तसंच चालू ठेवायचं. पहिल्या आठवड्यापुरता हा सल्ला ठीकच होता, तारेवर अडकलेला एखादा तंतू खरोखरच असा जळून जातो. पण चौथ्या आठवड्यातही तेच? दुसऱ्यांनी भर मीटिंगमध्ये विचारलं, "चेंबर बंद करताना हातमोजे घातले होतेस ना?" घातले होते. पण त्या प्रश्नाला "हो" म्हटलं तरी माणूस खोटारडा दिसतो. तिसरे आले, बाहेर पडणारा गॅस जिथे दिसतो त्या बबलरमधले बुडबुडे पाहिले, मान हलवली आणि गेले. टेबलावर वही उघडी पडली होती. तिघांपैकी एकानेही तिच्याकडे पाहिलं नाही.

आणि मग तुम्ही. आमच्या प्रोजेक्टशी तुमचा संबंधही नव्हता. शेजारच्या चेंबरची गॅस लाइन तपासायला आला होतात. माझ्याकडे पाहिलंत आणि एवढंच विचारलंत, "वही कुठाय?"

स्टूल ओढून बसलात आणि पहिल्या पानापासून वाचायला लागलात. मी मधेमधे सांगत होते, इथे असं झालं, तिथे तसं. तुम्ही मान वर न करता एक बोट उचललंत. मी गप्प. अर्धा-पाऊण तास झाला असेल. खोलीत फक्त पंख्याचा आवाज आणि पान उलटल्याचा. मग खिशातून पेन्सिल काढून एका ओळीपुढे बारीकशी खूण केलीत.

ती ओळ अशी होती: "स्रोत काढला. करंट २४० वरच. मीटर अडकलाय का?"

"हे तू स्वतः पाहिलंस?"

"हो."

"मग मीटर अडकलेला नाही."

ताई, त्या क्षणी मला रडू येईल असं वाटलं. आलं नाही, कारण तुम्ही लगेच पुढचं पान उलटलंत. ती ओळ लिहिताना माझा माझ्यावरच विश्वास नव्हता. चाचणीसाठी चेंबरवर ठेवलेला किरणोत्सारी स्रोत काढून घेतला तरी करंट उतरत नाही, हे दिसलं होतं मला, पण इतक्या लोकांनी माझ्या हातांवर शंका घेतली होती की मी डोळ्यांवरही घ्यायला लागले होते. म्हणून ते प्रश्नचिन्ह. तुम्ही प्रश्नचिन्ह सोडून दिलंत आणि निरीक्षण उचललंत.

पुढचं तुम्ही दोन मिनिटांत समजावलंत. लुई माल्टर यांनी १९३६ साली दाखवलेला परिणाम. कॅथोडवर कुठेतरी विद्युतरोधक पदार्थाचा पातळ थर असतो. तारेकडून आलेले धन आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले अणू, त्याच्यावर येऊन बसतात, खालच्या धातूपर्यंत पोचू शकत नाहीत. साठत साठत त्या पातळ थरात एवढं क्षेत्र तयार होतं की ते धातूतून इलेक्ट्रॉन ओढून काढतं. ते इलेक्ट्रॉन तारेकडे जातात, नवी लाट, नवे आयन, पुन्हा त्याच थरावर. एकदा सुरू झालं की स्रोताची गरजच उरत नाही, व्होल्टेज पाडल्याशिवाय ते थांबत नाही. म्हणजे चार आठवडे कंडिशनिंगच्या नावाखाली मी दुखण्यालाच खुराक देत होते.

स्रोत वीतभर सरकवत जागा शोधली. डावा खालचा कोपरा. फ्रेम बंद करताना तिथे एपॉक्सी, म्हणजे चिकटवायचा गोंद, ओघळला होता आणि मी तो अल्कोहोलने पुसला होता, सांगितल्याप्रमाणे. कोणी सांगितलं होतं? हातमोज्यांबद्दल विचारणाऱ्यांनीच. निघाला कुठला, नुसता पसरला. समोरून काही दिसत नव्हतं. तुम्ही टॉर्च आडवा धरलात तेव्हा तेलकट झाक दिसली. खोलणं, साफ करणं, पुन्हा बंद करणं, यात काही सांगण्यासारखं नाही.

वाफेचं मात्र सांगायला हवं. जन्मभर गॅस लाइनमधली ओल हुसकावणाऱ्या बाईंनी मिश्रणात थोडी पाण्याची वाफ सोडायला सांगावी? माझा चेहरा पाहून तुम्ही हसलात आणि बाबार या कणभौतिकीतल्या प्रयोगाचं सांगितलंत. स्टॅनफर्डच्या त्या ड्रिफ्ट चेंबरमध्ये, म्हणजे तारांच्याच दुसऱ्या प्रकारच्या चेंबरमध्ये, हेलियम आणि आयसोब्युटेनच्या मिश्रणात दहा लाख भागांत ३,५०० भाग वाफ मुद्दाम घालत. वाफेमुळे उरल्यासुरल्या थरातून विद्युतभार हळूहळू झिरपून जातो, साठत नाही.

आता एक बोलून टाकते. माल्टर परिणाम त्या तिघांनाही ठाऊक आहे. त्यातले एक तो वर्गात शिकवतात. ते वाईट नाहीत, घाईत असतात. पण दुसऱ्याने मेहनतीने लिहून ठेवलेलं बसून वाचावं, त्यात काही खरं असेल असं धरून वाचावं, एवढं सौजन्य दाखवणारी माणसं मला आजवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच भेटली. त्यातल्या बहुतेकांच्या दारावर नावाची पाटीही नव्हती.

नंतरच्या मीटिंगमध्ये कोणीतरी तुम्हाला विचारलं, "कसं शोधलंत?" तुम्ही म्हणालात, "वहीत होतं." आणि चहाचा कप घेऊन बाहेर गेलात. हातमोजेवाले सर माझ्याकडे बघत होते. मी वहीकडे.

नव्या चेंबरचं टेस्टिंग सोमवारपासून आहे. वही तीच चालू ठेवलीय, पानं शिल्लक आहेत. तुमची पेन्सिल त्या पानातच राहिलीय. न्यायला या.