भडंगाचा डबा वाजला त्या रात्री

मनू,

फोनवर धड बोलता आलं नाही, बाबा शेजारीच होते आणि तुझा आवाज रडवेला झाला की मलाही काही सुचत नाही, म्हणून टाइप करतेय, लांबेल जरा, कॉल नसेल तेव्हा वाच.

आधी एक कबुली. भाऊबीजेच्या रात्री दीडच्या सुमाराला स्वयंपाकघरात भडंगाचा डबा वाजला तो मी ऐकला होता. त्या डब्याचं झाकण केवढं घट्ट बसतं, चमच्याच्या दांड्याने उचकटावं लागतं आणि टक्क असा आवाज होतोच. मग तू आवाज न करता खात होतीस, पण भडंग काय आवाज न करता खायची वस्तू आहे का गं, कुरुमकुरुम येतच होतं. मी उठले नाही. सकाळी बघते तर डबा निम्म्यावर, वरून हाताने सारखा केलेला, चमचा घासून पालथा घातलेला. आणि नाश्त्याला तू म्हणालीस भूक नाही, ब्लॅक कॉफी दे फक्त. तेव्हाच बोलायला हवं होतं मी.

काल म्हणालीस माझ्यात कंट्रोलच नाही. अगं, सकाळी कॉफी, दुपारी काकडी-कोबीचं सॅलड, संध्याकाळी सूप, एवढ्यावर तू रात्री साडेअकरापर्यंत अमेरिकेवाल्यांचे कॉल घेतेस, आणि मग मोबाईलवरून पावभाजी मागवलीस की त्याला कंट्रोल नाही म्हणतेस! ती साधी भूक आहे, दिवसभराची साचलेली. जिमवाल्याने दिलेला तो १२०० कॅलरीचा चार्ट मी पाहिला, तुझं वय विचारलं नाही, झोप विचारली नाही, सगळ्यांना तोच फॉरवर्ड करत असणार तो.

मी शाळेत विज्ञान शिकवायचे तेव्हा वाचलेलं एक सांगते. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांना स्वखुशीने सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, रोजच्या साधारण १५७० कॅलरी. आता ते पुरुष, वर आठवड्याला पस्तीसेक किलोमीटर चालायचे, त्यामुळे तुझी बरोबरी सरळ नाही लावता येत, पण झालं काय बघ, त्यांना खाण्याशिवाय दुसरं सुचेना, ताटं चाटायला लागले, काहीजण तर रेसिपीची पुस्तकं जमवून वाचत बसायचे. तू रात्री पडल्या पडल्या मिसळीचे आणि चीज डोशाचे रील बघतेस ना, तेच हे.

आता खरी भूक कुठली आणि नुसती खा-खा कुठली, हे मी कसं ओळखते सांगू? स्वतःला विचारायचं, सकाळची भाकरी आणि दही दिलं तर खाशील का? हो आलं तर गुपचूप खाऊन घ्यायचं, वेळ काही का असेना. नको, मला तेच कुरकुरीत पाहिजे असं आलं तर ती जिभेची मागणी, थोडा वेळ दुसरीकडे रमलं की निम्म्या वेळा ओसरते. निम्म्याच हं, उरलेल्या वेळी मीही खाते.

मला कुठे सुटलं होतं, तू लहान असताना रोज चारला चहाबरोबर चार-चार खारी जायच्या माझ्या, शाळेतून आले की पर्स ठेवायच्या आधी डबा. पोटात घ्रेलिन नावाचं एक हार्मोन तयार होतं, रोजच्या खायच्या वेळेला ते वाढतं आणि तेव्हा नाही खाल्लं तरी नंतर आपोआप उतरतं, हे मी पोरांना शिकवत होते आणि स्वतः खारी बुडवत होते. शेवटी साखर बॉर्डरवर आली तेव्हा जाग आली. मग चारला खारीच्या जागी मूठभर फुटाणे आणि ताक सुरू केलं, पहिला पंधरवडा नुसती चिडचिड, तुझ्यावर विनाकारण ओरडलेय मी त्या दिवसांत, नंतर हळूहळू चारची घंटा वाजायची बंद झाली. खारी अजून खाते पण रविवारी, बसून, बशीत घेऊन. ओट्याशी उभ्याने खाल्लेलं आपण मोजतच नाही, पोट मात्र मोजतं.

बाबांचं मनावर घेऊ नकोस. 'नाही खायचं म्हणजे नाही खायचं, त्यात काय' हे बोलणारा माणूस वरणभातावर पण शेव घेतो आणि तरी त्यांची पँट सैलच.

तू एवढंच कर, सकाळी पोटभर खा, दोन अंडी किंवा मुगाची धिरडी, दुपारी पोळी-भाजी आणि वाटीभर उसळ, सॅलड त्याच्या जोडीला. कॉलच्या आधी नीट जेव. आणि झोप गं, झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी गोड-तेलकटच खावंसं वाटतं, पाळीच्या आधीचे चार दिवस तर विचारूच नकोस, तेव्हा वजनकाट्यावर चढूच नकोस, अंगात पाणी धरतं आणि तुला उगीच रडू येतं. दोन महिन्यांत तीन किलो उतरलेत तुझे, ते कमी नाहीत. एखाद्या रात्री पावभाजी झालीच तर दुसऱ्या दिवशी उपाशी राहून फेडायची नाही, मग परत रात्री तेच होतं.

शनिवारी येतेयस ना? भडंग ताजं केलंय, लसूण जास्त, तेल नेहमीपेक्षा कमी, शेंगदाणे मात्र कमी केले नाहीत, त्याशिवाय काय मजा. डबा वरच्या फळीवरून काढून ओट्यावर ठेवलाय आणि झाकण पण बदललंय. चारला चहा झाला की दोघी बसून खाऊ, कांदा-टोमॅटो चिरून, एक-एक वाटी.

आणि येताना माझे दोन स्टीलचे डबे आण, गणपतीत नेलेले.

आई