गोळ्या पंधरा दिवसांच्या, आजार जन्माचा

मा. संपादक,

मला मधुमेह होऊन सतरा वर्षे झाली आणि माझ्या चुलत बहिणीला नऊ. निदान दोघांचेही वेळेवर झाले. पुढे मात्र फरक पडत गेला, कारण मी निवृत्तिवेतनाच्या आधारावर खासगी डॉक्टरांकडे जातो आणि ती शेतमजुरी सांभाळून सरकारी रुग्णालयात जाते, जिथे तिला एका खेपेस पंधरा दिवसांच्याच गोळ्या मिळतात. महिलांना एसटीचे भाडे निम्मे झाले असले, तरी त्या दिवसाची मजुरी पूर्ण बुडते. साहजिकच भांगलण-काढणीच्या दिवसांत खेप चुकते आणि तिच्याबरोबर गोळ्याही. तिच्या केसपेपरवर ‘रुग्ण औषधे नियमित घेत नाही’ असा शेरा वाचला, तेव्हा मला फार वाईट वाटले.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार देशात सुमारे 10.1 कोटी मधुमेही आहेत. याच पाहणीच्या 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, आपल्याला मधुमेह आहे हे ठाऊक असलेल्यांपैकी जेमतेम 36 टक्क्यांची साखर आटोक्यात असल्याचे दिसले. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारने 2025 अखेरपर्यंत उच्च रक्तदाब आणि मधुमेहाच्या साडेसात कोटी रुग्णांना प्रमाणित उपचारांखाली आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. तिशीपुढच्या प्रत्येकाची तपासणी आणि आशाताईंनी घरोघर जाऊन भरलेले अर्ज यांचे मोल मी जाणतो. पण नाव नोंदले गेले म्हणजे साखर उतरली असे होत नाही. म्हणून किती रुग्ण नोंदले यासोबतच त्यांतील किती जणांची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए1सी, आटोक्यात आली हेही प्रत्येक जिल्ह्याने जाहीर करावे.

औषधांच्या बाबतीत तर नवे काही शोधायचेही नाही. कोविडच्या काळात, एप्रिल 2020 मध्ये, केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेच मधुमेहासारख्या आजारांच्या रुग्णांना तीन महिन्यांपर्यंतची औषधे उपकेंद्रातून किंवा आशा कार्यकर्त्यांमार्फत द्यावीत, अशी सूचना केली होती. ज्यांची प्रकृती स्थिर आहे, त्यांच्यासाठी हीच पद्धत कायमची का करू नये? मेटफॉर्मिनसारखी गोळी स्वस्त आहे. रुग्णाचा बुडालेला दिवस तिच्यापेक्षा कितीतरी महाग पडतो.

आणखी एक गोष्ट पायांची. नऊ वर्षांत एकाही तपासणीत बहिणीला चपला काढायला सांगितलेले नाही. मधुमेहात पायाची संवेदना हळूहळू जाते, शेतात काटा रुतलेला कळत नाही आणि जखम चिघळल्यावरच घरच्यांच्या लक्षात येते. पाय पाहायला यंत्र लागत नाही, दोन मिनिटे लागतात. जखम वाढून रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर सरकारी विमा योजना मदतीला येतात, मात्र ती वेळ येऊ नये म्हणून घरी साखर मोजायची तर ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांचा खर्च रुग्णाच्याच खिशातून जातो. निदान इन्सुलिन घेणाऱ्यांना तरी या पट्ट्या मोफत मिळायला हव्यात.

या अडचणी रुग्णांना न विचारता कळणे अवघड आहे. तालुक्याच्या आरोग्य आढावा बैठकीत दोन-तीन मधुमेही रुग्णांना, त्यातही मजुरी करणाऱ्या बायांना, बोलवावे आणि बैठक आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवावी, म्हणजे त्यांना रोज न बुडवता येता येईल.

– एक मधुमेही वाचक, जि. सातारा